आबांचं स्थळ आणि राधानगरीचा गवा

आबांच्या कपाटात टॉवेल वाढायला लागले, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

आबा म्हणजे माझे वडील. गावच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली. संस्थेत बारा महिने सत्कार चालायचे. कुणाच्या म्हशीनं जास्त दूध दिलं म्हणून, कुणी निवडणुकीत निवडून आला म्हणून, कुणी पडला पण माणूस चांगला म्हणून. दूध म्हशीनं दिलेलं असलं तरी टॉवेल मालकाच्याच खांद्यावर पडायचा. हे टॉवेल आबा कबनूरच्या एका दुकानातून आणायचे. रिटायर झाल्यावर सत्कार थांबले, टॉवेल थांबले नाहीत. आई-आबा तोवर कोल्हापुरात माझ्या घराजवळ राहायला आले होते. पाच वर्षांपूर्वी आई गेली आणि त्यानंतर तर दर महिन्याला नवा गठ्ठा यायला लागला. मी विचारलं की म्हणायचे, "घरात असावंत." एकट्या माणसाला अंग पुसायला असे किती टॉवेल लागतात, हे मला कळेना. पण बायको गेल्यावर पुरुष काय काय करतात. माझ्या एका मैत्रिणीचे सासरे रिकाम्या बाटल्या जमवायचे. त्या मानानं टॉवेल बरे, म्हणून मी गप्प बसले.

मग एका रविवारी माझ्या घरी मटण खाता खाता आबा म्हणाले, "मी लगीन करायचं म्हणतोय."

माझ्या नवऱ्याला ठसका लागला. त्याच्या पाठीवर थापा मारत मी विचारलं, "कुणाचं?"

"माझंच की," आबा म्हणाले आणि नळीतला मगज ताटात आपटून काढू लागले.

बाई त्या टॉवेलच्या दुकानाची मालकीण होती. साठीची, विधवा, घरात कन्नड बोलणारी लिंगायत. नवरा गेल्यावर तिनं त्याचे यंत्रमाग एकटीनं चालवले, मग ते विकून दुकान टाकलं. एक मुलगी, ती बेळगावला दिलेली. आबांनी ही माहिती एखाद्या जनावराचा दाखला वाचावा तशी एका सुरात सांगितली आणि शेवटी म्हणाले, "व्यवहाराला चोख बाई हाय." आबांच्या तोंडून एवढी स्तुती मी कुणाचीच ऐकली नव्हती. आईची तर नाहीच.

"आणि ती मटण खाणार?" मी विचारलं.

"न्हाय. वासबी चालत न्हाय."

आमच्या घरात हे म्हणजे धर्म बदलण्यासारखं होतं. माझा नवरा तेवढ्यात हळूच उठून हात धुवायला गेला, तो जेवण संपेपर्यंत आलाच नाही.

माझा भाऊ पुण्याला असतो. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "तू बघून घे आणि मला सांग." पुण्याला राहणाऱ्या भावांची जबाबदारी इथपर्यंतच असते.

बघून घ्यायची सोय आबांनीच केली. त्यांच्या ओळखीच्या एका मांडववाल्यानं जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिचं आत घर केलं होतं. बसायची बाकं रात्री पलंग व्हायची, गॅसची शेगडी होती, मूठभर बेसिन होतं आणि मागं एक संडास होता. तिला तो कॅरॅव्हॅन म्हणायचा. ती घेऊन राधानगरीला जायचं, जंगल बघायचं, गवा बघायचा, असा आबांचा बेत होता. महिना ऑगस्टचा. पाऊस असा लागला होता की कोल्हापुरात लोकांनी छत्र्या मिटायचंच सोडून दिलं होतं.

"आबा, या पावसात?"

"तिला गवा बघायचाय."

"मग तुम्ही दोघं जा."

आबा गंभीर झाले. "लगनाआधी दोघांनीच जाणं बरं दिसत न्हाय. तू चल. गाडीबी तूच चालीव."

बापाला त्याच्या होणाऱ्या बायकोबरोबर एकटं सोडू नये म्हणून लेक पहारेकरी, असा हा मामला. नवऱ्यानं गाडी लागते म्हणून अंग काढून घेतलं. मी ड्रायव्हिंग क्लास चालवते. क्लच समजून ॲक्सिलरेटर दाबणाऱ्या माणसांच्या शेजारी बसून मी पोट भरते. तीन दिवस काढायला काय होतंय, असं मला वाटलं.

गाडी बघितल्यावर जरा विचार पडला. बाहेरून पांढरीशुभ्र, तिच्यावर मावळता सूर्य आणि नारळाचं झाड. आत मांडववाल्यानं हात सैल सोडला होता. निळ्या-गुलाबी लायटी, झालरी आणि छताला मखमल. लग्नातल्या स्टेजवर संडास बांधला तर जसं दिसेल तसं. त्या संडासाचं दार वळणावर आपोआप उघडायचं.

कबनूरच्या रस्त्यावर ती बाई आमची वाट बघत उभी होती. ठेंगणी, कपाळावर भस्माची बोटं, खांद्याला मोठी पिशवी. गाडीत चढली आणि म्हणाली, "ही काय सेक्रेटरींची लेक?" ती हे साधंच म्हणाली, पण पलीकडच्या चहावाल्यानं वळून बघितलं. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेलेलं, त्यात कान अर्धे गेले होते आणि आवाज दुप्पट झाला होता. मी मनात म्हटलं, राधानगरीचे गवे आता सरळ गोव्याला पोचणार.

तिला काय म्हणायचं हा प्रश्न होता. मावशी म्हटलं तर आईची बहीण होते, काकू म्हटलं तर आणखीच घोटाळा. तिनंच सोडवला. "अक्का म्हण. बेळगावापासून सगळी अक्काच म्हणत्यात."

वाटेत एका गावात चहाला थांबलो. थांबलो तोच एक म्हातारा काठी टेकत आला, दार उघडं बघून आत चढला, बाकावर बसला आणि चष्मा काढून हातात धरला.

"कवा चालू करताय?" त्यानं विचारलं.

"काय?" मी म्हटलं.

"डोळं तपासायचं. मागल्या साली हितंच आल्ती की गाडी."

मी त्याला समजावायला तोंड उघडलं, तेवढ्यात अक्कानं बिस्किटाचा पुडा उचलला आणि ड्रायव्हरच्या सीटपाशी जाऊन समोर धरला. "वाचा, आजोबा."

म्हाताऱ्यानं डोळे बारीक करून मोठी अक्षरं वाचली. बारीक अक्षरांवर अडकला.

"नंबर वाढलाय," अक्का म्हणाली. "लेकाला सांगा, दवाखान्यात न्या म्हणून." तिचा आवाज बाहेर गेल्यामुळं आणखी दोन बायका आणि एक पोस्टमन दारात आले. सगळ्यांना तपासून, बिस्किटं वाटून आम्ही निघालो तेव्हा आबा कौतुकानं तिच्याकडं बघत होते. मला चीड आली. कशाची ते त्या वेळी कळलं नाही.

जंगलाच्या फाटकावर पोचलो तर फाटक बंद. रेनकोटातल्या पहारेकऱ्यानं सांगितलं, "पावसाळ्यात बंद असतंय. दिवाळीला या."

आबा खाली उतरले. "आमची ओळख हाय आत."

"कुणाची?"

आबांनी एका साहेबाचं नाव घेतलं.

"ते रिटायर झालं."

"मग आता?"

"मग दिवाळीला या."

आबा परत येऊन बसले आणि म्हणाले, "माणूस चांगला हाय." हार झाली की ते समोरच्याला चांगला म्हणतात.

त्या रात्री आम्ही धरणाजवळ एका बंद हॉटेलच्या आवारात गाडी लावली. छतावर पाऊस असा वाजत होता की बोलायची सोय नव्हती. सोय फक्त अक्काची होती. आम्ही बघायला आलेल्या वन्यजीवांपैकी पहिला प्राणी तिनंच शोधला, संडासात. बेडूक होता, चांगला गलेलठ्ठ. आबांनी त्याला टॉवेलात धरून बाहेर सोडला. तो पायरीवरच बसून राहिला, जसं काय आमचंच आवरलं की परत आत येणार होता. दुसरा प्राणी जळू. ती आबांच्या पोटरीवर सापडली. अक्कानं चिमूटभर मीठ टाकून ती सोडवली आणि आबा लहान मुलासारखे पाय पुढं करून बसले. आईला त्यांच्या पायातला काटा काढायचा असला तरी ते "राहू दे, आपोआप निघंल" म्हणून पाय ओढून घ्यायचे.

सकाळी मी डोळे उघडले तर आबा शेगडीपाशी उभे राहून चहा करत होते. आधण, आलं, साखर, सगळं स्वतः. कप अक्काच्या हातात दिला, मग दुसरा मला. माझ्या आईला या माणसानं कधी चहा करून दिल्याचं मला आठवत नाही. ती तापानं फणफणली असतानासुद्धा "उठतीस न्हवं?" असं विचारायचे. मी तो चहा प्यायले. चांगला झाला होता, त्यामुळं आणखीनच राग आला.

तेवढ्यात अक्का खिडकीतून बघत ओरडली, "सेक्रेटरी, त्यो बघा, केवढा उंदीर."

उंदीर नव्हता, शेकरू होता. समोरच्या झाडाच्या फांदीवर, विटकरी पाठ, पिवळसर पोट आणि अंगाएवढीच झुबकेदार शेपटी खाली सोडून भिजत बसला होता. अक्काच्या आवाजानं पळायला हवा होता. त्यानं फक्त मान वाकडी करून आमच्या झालरींकडं बघितलं. मग निवांत एका फांदीवरून दुसरीवर उडी टाकत गेला आणि प्रत्येक उडीला झाडानं आमच्यावर आणखी एक पाऊस पाडला. अक्का तोंडावर पदर धरून हसत होती. साठ वर्षांची बाई, आणि असं हसते, की आपल्यालाही काही कारण नसताना हसू यावं. मी मोठ्या प्रयत्नानं नाही हसले.

दुपारी आबांनी जवळची वाट काढली.

वर डोंगरात एक वाडी होती. तिथल्या दूध संस्थेचे हिशेब बघायला आबा पूर्वी जायचे. तिथं गवे रोज रस्त्यावर येतात, असं त्यांचं म्हणणं. "रस्ता मला पाठ हाय," ते म्हणाले. रस्ता त्यांना पाठ होता, पण रस्ता स्वतःला विसरला होता. डांबर पहिल्याच वळणाला संपलं. मग खडी, मग खडीची आठवण, मग नुसती तांबडी माती. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला धुकं, आणि धुक्याखाली काय आहे ते न दिसलेलंच बरं. प्रत्येक वळणाला संडासाचं दार उघडून आपटायचं आणि अक्का प्रत्येक वेळी उठून ते लावून यायची.

"आबा, पुढं रस्ता आहे ना?"

"हाय की. मी मोटारसायकलवरनं गेलतो."

"कधी?"

यावर ते खिडकीबाहेर बघू लागले.

एका चढावर मागचं चाक चिखलात गेलं. मी पहिल्या गिअरवर हळूहळू काढायला बघितलं, चाक जागच्या जागी फिरलं. दगड लावले, डहाळ्या टाकल्या, आबांचे तीन टॉवेल चाकाखाली घातले. टॉवेल चिखलात गेले, गाडी तिथंच. शेवटी आबांनी वाडीतल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, ट्रॅक्टर घेऊन येतो, पण धारा काढून झाल्यावर. म्हणजे संध्याकाळ.

फोनला रेंज फक्त गाडीसमोरच्या ओढ्याच्या मोरीवर मिळत होती. मी छत्री घेऊन तिथं गेले आणि भावाला फोन लावला. आतून साठलेलं सगळं बाहेर पडलं. म्हटलं, आबा खुळावलेत. म्हटलं, चहा करून देतात तिला, स्वतःच्या हातानं. म्हटलं, बाई म्हणजे गिरणीचा भोंगा, तिनं म्हाताऱ्याला चांगला गुंडाळलाय, घरावर डोळा नसला म्हणजे मिळवली. भाऊ पलीकडून "हं, हं" करत होता आणि मध्येच कुणाला तरी इंग्रजीत उत्तर देत होता. गाडीचे वायपर चालू राहिले होते. अक्का पुढच्या सीटवर बसून काचेतून माझ्याकडं बघत होती. मी तिला हात हलवून दाखवला. तिनंही हलवला.

आत आले तर वेगळंच प्रकरण सुरू झालं होतं. आबांना भूक लागली होती आणि त्यांनी पिशवीच्या तळातून स्टीलचा डबा काढला होता. मटणाचं लोणचं. गुपचूप आणलेलं. झाकण नुसतं सैल झालं तरी वास सगळ्या मखमलीला लागला.

अक्कानं नाकाला पदर लावला. ओरडली नाही. नेहमीच्या आवाजात म्हणाली, म्हणजे डोंगराला ऐकू जाईल असं, "सेक्रेटरी, खायचं तर बाहेर जाऊन खावा. मी तुम्हाला सोडा म्हणत न्हाय. पर हितं न्हाय."

"पाऊस हाय की."

"छत्री हाय की."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी आरशात बघितलं. मग ते एका हातात डबा, काखेत भाकरी आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन उतरले. रस्त्याच्या पलीकडं, वीस-पंचवीस पावलांवर, दुधाचे कॅन ठेवायची गळक्या पत्र्याची शेड होती. तिथल्या कट्ट्यावर बसून त्यांनी भाकरी मांडली. अडुसष्ट वर्षांचा नवरदेव, घराबाहेर काढलेला, पावसात मटण खात बसलेला. आईच्या फोटोला हे दाखवायला हवं होतं.

आणि तेव्हा गवा आला.

आधी काहीच आवाज नाही. उताराच्या बाजूची कारवीची झुडपं हलली आणि धुक्यातून एक काळं काहीतरी रस्त्यावर चढलं. मला पहिल्यांदा ट्रॅक्टरच वाटला. मग ट्रॅक्टरला शिंगं दिसली. गाडी आणि शेड यांच्या बरोबर मध्ये येऊन तो उभा राहिला. अंग ओलं आणि काळंभोर, खांद्यावर उंचवटा, गुडघ्याखाली पाय पांढरे, जसे काय शाळेचे मोजे घातलेले. मी जनावरांच्या घरात वाढले, पण एवढं जनावर मी पाहिलं नव्हतं. त्याचा श्वास आम्हाला काचेतून दिसत होता.

आबांचा घास हातात राहिला.

"हॉर्न वाजवू?" मी कुजबुजले.

अक्कानं मान हलवली. मग तिनं काचेला तोंड लावून, आवाज न करता, फक्त ओठ हलवत आबांना काहीतरी सांगायला सुरुवात केली. एकेक शब्द सावकाश, चेहरा ताणून. आबा तिकडून कानाला हात लावून "काय?" असं करत होते.

"काय सांगताय त्यांना?" मी विचारलं.

"हलू नका, छत्री मिटू नका, बसून ऱ्हावा म्हणून. त्याला कळंना झालंय. मागावर आम्ही सगळी असंच बोलतो. खडखडाटात आवाज कुठला ऐकू यायला. ओठ बघायचं." ती आता हळू बोलत होती. तिला हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं. गव्यावरची नजर न काढता ती पुढं म्हणाली, "भोंगा म्हटलीस ते बरोबर हाय. लेकबी तेच म्हणती."

वायपर अजून चालूच होते. मी ते बंद केले, जसं काय आता त्याचा उपयोग होता.

"खुळावला म्हटलीस ते मातुर चूक," अक्का म्हणाली. "गुंडाळला तेबी चूक. त्यो चार साल झालं इचारतोय आन् मी दर बारीला न्हाय म्हटलंय. आवंदाबी हो म्हटलं न्हाय अजून."

"मग हे सगळं?" मी झालरींकडं हात केला.

"ही गाडी मीच ठरवाय लावली. माल घ्यायच्या आधी मी टॉवेल पाण्यात घालून बघती. आखडतोय का, रंग जातोय का. दुकानात समदी माणसं गोडच बोलत्यात. म्हटलं, पावसात, एका खोलीत, संडासाला धड दार नसताना कसा ऱ्हातोय बघू."

बाहेर गव्यानं शेडच्या दिशेला दोन पावलं टाकली. आबांनी छत्री ढालीसारखी पुढं धरली. फुलाफुलांची लेडीज छत्री होती, अक्काची.

मला तिला सॉरी म्हणायला हवं होतं. पण तोंडातून निघालं भलतंच. "माझ्या आईला त्यांनी कधी चहा करून दिला नाही."

अक्कानं पहिल्यांदाच गव्यावरची नजर काढली. "माझ्या नवऱ्यानंबी मला दिला न्हाय," ती म्हणाली. "त्यो जिता असता तर आजबी दिला नसता. आता ह्यो देतोय, तर मी पिती. तुझ्या आईचा कप मी कुठनं आणू?"

मला रडू आलं म्हणावं तर तसं नाही. नाक मात्र गळायला लागलं आणि तिनं न बघता पिशवीतून एक कोरा टॉवेल काढून माझ्या मांडीवर टाकला.

आबांचा धीर तेवढ्यात सुटला. ते उठायला लागले. अक्कानं ते बघितलं, खिडकी खाली केली आणि पूर्ण ताकदीनं ओरडली, "सेक्रेटरी, बसा खाली."

डोंगरातून तो आवाज परत आला. आबा मटकन बसले. मी स्टिअरिंग घट्ट धरलं, आता गवा गाडीवर येणार म्हणून. गव्यानं एक कान हलवला. बस. मग तो रस्त्याकडेच्या बांबूच्या कोंबाकडं वळला, तो मुळापासून ओरबाडला आणि सावकाश चघळत उभा राहिला. या बाईचा आवाज त्याच्या दृष्टीनं डासाएवढाही नव्हता. किती वेळ गेला कोण जाणे. आबांचं लोणचं पावसानं पातळ झालं असणार. शेवटी गव्यानं शेपटी उचलली, रस्त्याच्या मधोमध पोटभर शेण टाकलं आणि डोंगराच्या बाजूला चढून गेला. तो गेल्यावर शेडच्या मागून एक मादी निघाली, तिच्यामागं दुसरी, मग एक तांबूस वासरू. सगळा कळप आबांच्या पाठीला पाठ लावून उभा होता आणि ते समोर छत्री धरून बसले होते.

आबा आत आले ते ओलेचिंब. डबा तिकडंच सोडून आले होते. मला वाटलं, हादरले असतील. ते बाकावर बसले, श्वास घेतला आणि म्हणाले, "मागनं गेली ती गाभण हाय. कासंवरनं सांगतो, व्याली की दुधाला फॅट दहाच्या खाली लागणार न्हाय."

"जा, धार काढून या," अक्का म्हणाली.

मग आम्ही तिघंही हसलो. या वेळी मी प्रयत्न केला नाही.

दिवस मावळायच्या आधी ट्रॅक्टर आला. ओळखीच्या माणसानं साखळी लावून गाडी ओढून काढली आणि शेणाचा पो बघून सांगितलं की हे गवे रोज याच वेळेला इथनंच जातात, आणि शेडमध्ये बसू नये हे इथल्या पोराटोरांनाही माहीत आहे. "तुम्हाला तर रस्ता पाठ हाय न्हवं, सेक्रेटरीसाहेब?" तो म्हणाला. आबा म्हणाले, "माणूस चांगला हायेस."

दुसऱ्या दिवशी परतताना अक्का माझ्या शेजारी पुढं बसली. आबा मागं झोपले होते, तोंड उघडं, पायाजवळ संडासाचं दार उघडत-मिटत. कबनूर जवळ आल्यावर तिनं मला विचारलं, "आवाजाचं चालंल तुला?"

मी म्हटलं, "तुम्हाला मटणाचं चालेल?"

"दर आयतवारी तुझ्याकडं जाऊन खाऊन, आंघोळ करून यायचं. घरात न्हाय."

"चालेल."

आबांना हे सगळं झोपेतून उठल्यावर कळलं. त्यांना वाटलं, त्यांनीच काहीतरी करून पटवलं.

दिवाळीनंतर नोंदणी पद्धतीनं लग्न झालं. पुण्याहून भाऊ आला. बेळगावहून तिची मुलगी आली. कचेरीतल्या कारकुनानं वर बघून विचारलं, "नवरी-नवरा कोण?" आणि माझ्याकडं आणि भावाकडं बोट केलं. भाऊ इतका दचकला की फोन खाली पडला. अक्का पुढं होऊन म्हणाली, "आम्ही हाय." बाहेरच्या व्हरांड्यातले लोक आत डोकावले.

ती दुकान सोडून कोल्हापूरला येणार नव्हती, हे तिनं आधीच सांगितलं होतं. त्यामुळं आबाच कबनूरला गेले. गावाकडं बरीच चर्चा झाली. चुलते म्हणाले, या वयात कुणी घरजावई होतं काय. आबांनी त्यांना पुढच्या दिवाळीत एकेक टॉवेल पाठवला.

दर रविवारी ते बसनं माझ्याकडं येतात, मटण खातात, आंघोळ करतात आणि परत जातात. जाताना त्यांच्या पिशवीत मी काही भरलं तर अक्का ती उघडून वास घेते, म्हणून काही नेत नाहीत. मागच्या रविवारी मी विचारलं, तिथं शेजारपाजारच्या मागांच्या आवाजात झोप लागते का. ते म्हणाले, "पयल्यांदा लागत न्हवती. आता लाईट गेली आन् माग बंद पडलं की जाग येती. मग आम्ही दोघंबी लाईट येईपतूर जागंच असतोय."

बस चुकेल म्हणून मीच त्यांना गाडीनं स्टँडवर सोडायला गेले. वाटेत त्यांनी दोनदा सांगितलं की मी गिअर उशिरा बदलते.